हात खालून न्यायचा

चोडणच्या धक्क्यावर शेवटची फेरी बांधून
घरी येताना चिवचिव ऐकली
फेर्मीनच्या बंद घरामागे, घाणेरीच्या जाळीत.
फेर्मीन विलायतेत, गोदामात, कायमची रात्रपाळी.
जाताना किल्ली मला दिली, कुत्रा बहिणीला.
कोंबड्यांचे काय, हे विचारायचे
दोघेही विसरलो.

दोन पावसाळ्यांत त्या रानटी झाल्या.
फणसावर झोपायच्या. माणूस दिसला की
माळेतल्या फटाक्यांसारख्या उडायच्या.
अंडी कुठे घालत, ते घोरपडीला ठाऊक.

त्या रात्री आईची नुसती पिसे पडली होती,
कांडेचोराने नेली असावी.
पिल्ले तीन. खाकी टोपीत घालून आणली.
टोपीला अजून वास येतो,
इंजिनवाला विचारतो, मी सांगत नाही.

घरी चितळी खुडूक बसली होती,
टेबल-टेनिसच्या चेंडूवर, सात दिवस, मन लावून.
सुलक्षा म्हणाली, दिवा नको लावू.
कोंबडीला रात्रीचे दिसत नाही,
मोजता तर दिवसासुद्धा येत नाही.
अंधारात चेंडू काढला, पिल्ले सरकवली,
एकेक, त्या गरम पोटाखाली.
उजाडल्यावर तिने मान वाकडी करून पाहिले.
दोघांना ठेवले.
तिसऱ्याचे कपाळ चोचीने फोडले.
का, ते तिचे तिला माहीत.

तिसरे मग चपलांच्या खोक्यात, साठच्या बल्बखाली.
मी वरून हात घातला
आणि ते कोपऱ्यात असे चिकटले
की खोके हलले.
वरून येते ती घार,
एवढे शिक्षण ते अंड्यातूनच घेऊन आले होते.

सुलक्षाने मला शिकवले:
खाली बस. चड्डी मळू दे.
डोळ्यांत बघू नको, रोखून बघते ते मांजर.
हात जमिनीवरून ने, पालथा नव्हे, उताणा,
त्यावर आंब्याच्या बुंध्यातली वाळवी,
आणि मग दुसरीकडेच बघत राहा,
आपल्याला बरीच कामे आहेत असे.

आठ दिवस बसलो. पायाला मुंग्या, खऱ्याही.
नवव्या दिवशी तळहातावर
तीन नखे पुढे, एक मागे.
वजन म्हणाल तर
मोटरसायकलच्या तिकिटाइतके.
मी श्वाससुद्धा हप्त्यांनी घेतला.

चितळीकडची दोन मोठी झाली.
एक कोंबडा निघाला, तीन वाजताच आरवतो,
साडेपाचला फेरीचा भोंगा त्याला उत्तर देतो.
दुसरीला मुंगसाने नेले, भर दुपारी, मी बघत असताना.
तिसऱ्याची तलंग झाली.
कपाळावर पीस उगवलेच नाही.

मे महिन्यात फेर्मीन आला, पंधरा दिवसांसाठी.
गाद्या उन्हात टाकल्या, एक एजंट येऊन
पायऱ्यांपासून विहिरीपर्यंत पावले मोजून गेला.
माझ्या परसात उभा राहून त्याने विचारले,
ही आमच्यातलीच ना?
मी म्हटले, अर्धी.
तो हसला, खिशातले बिस्किट मोडून
वाकला, वरून.
ती थेट फणसावर.
तेव्हा हसू उतरले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुलक्षा म्हणाली,
खाली बस, फेर्मीन. पँट मळू दे.

तो बसला. सवय गेलेली, बांबूची घडी घालावी तसा.
हात उताणा केला
आणि दुसरीकडे बघायचे म्हणून
आपल्या घराच्या कौलांकडे बघत राहिला.
एक बाजू खचली आहे.
माझी दुपारची पाळी होती, मी निघालो.

आली का, ते मी विचारले नाही.
जाताना त्याने किल्ली पुन्हा दिली
आणि पाच किलो कण्या.

दिवसभर ती माझ्या पायांत घोटाळते.
सहा वाजले की कुंपण ओलांडून
तिकडे, फणसावर.
मी खुराड्याची कडी लावतो, मोजतो, एक कमी भरते.
मग बॅटरी वर मारतो.
फांदीवर टकले कपाळ दिसते.
बरोबर, म्हणतो, आणि आत जातो.