आटणीची पट्टी

डिमेलोबाई गेल्या, कॅम्पातलं सामान निघालं,
तेव्हा भंगारवाल्यानं ती शिशासाठी उचलली होती.
पोटाखालचं शिसं चार किलो तरी भरलं असतं.
म्हटलं, शिशाचा भाव देतो, वरचं लाकूड सोड.
लाकडाचे त्यानं पैसे घेतले नाहीत.

शिडाची होडी, अडीच फूट. शीड नाही, काठी नाही.
बोटीचे शब्द मला येत नाहीत.
वेंगुर्ल्याच्या जावयाला फोन लावला,
तो म्हणाला, मामा, मी बँकेत असतो.

उद्यमबागेत छत्तीस वर्षं मी लाकूडच केलं,
पण लोखंडासाठी.
सागवानाचा पंप, सागवानाची पुली,
वाळूत दाबायची, ठसा सोडून बाहेर काढायची,
नंबर घालून पुन्हा फळीवर.
ओतलेलं कुठं गेलं, कुठल्या विहिरीवर फिरलं,
लाकडाला कोणी कळवलं नाही.

आमची पट्टी वेगळी. फुटाला एक सूत जास्त.
निवताना लोखंड आटतं,
तेवढं आधीच देऊन ठेवायचं.
बाजारच्या पट्टीशेजारी ठेवली तर वाटतं
दोघींतली एक खोटं बोलते.

वरची फळी उघडली.
आत कुंभारणीचं घर, तांबड्या मातीचं, रिकामं.
बरगड्यांवर पेन्सिलीचे आकडे. कानडी.
माझ्याआधी कोणीतरी हिला असंच उघडून बसला होता
आणि सहापर्यंत येऊन थांबला.
का, ते लाकडावर नव्हतं.
मी पेन्सिल जिभेला लावली.
७ घातला. मग ८. मग ९.

शीड खडे बाजारात, मकबूल बाळेकुंद्रींकडं.
‘माप कुणाचं?’
म्हटलं, वाऱ्याचं. पोट जरा सुटलेलं धरा.
छत्रीचं पांढरं कापड, दुहेरी शिलाई,
आणि सवयीनं त्यांनी कडेला
एक खिसा घातला, तो नंतर उसवला.

काठी उभी केली तेव्हा कळलं, लांब झालीय.
तीन सूत.
माझाही हात जुन्याच पट्टीवर गेला होता.
करवत घेतली. ठेवली.
इथं काही ओतायचं नव्हतं,
काही निवायचं नव्हतं.
दोन दिवस ती तशीच टेबलावर,
मी येता-जाता बघायचो, चोरासारखा.

किल्ल्याच्या तळ्यावर रविवारी, उजाडता उजाडता.
जलपर्णी एका अंगाला लोटलेली.
पाण्यात ठेवली तर नुसती डुलत राहिली,
दुसऱ्याच्या घरी जेवायला बसल्यासारखी.
कणसंवालीचा पोरगा उकिडवा बसला होता.
म्हणाला, ‘गाळी बंतु, अज्जा.’

आलाच वारा.
ती इतकी कलली की मी हात पुढं केला,
पण खालचं शिसं जागं होतं.
सरळ झाली, निघाली.

दोरी बांधली नव्हती.
पलीकडच्या काठावर तिला धरायला हवं,
आणि मधे कुंपण, पाणीपुरीचा झाकलेला गाडा,
माझा डावा गुडघा.
मी चालायला लागलो.
ती जराशी वाकडी जात होती,
पोरगा केव्हाच पुढं पळाला होता.