कोरं कार्ड

लायल गेला. म्हणजे मेला नाही,
मेनमध्ये तळ्याकाठी घर घेतलंय, माशांशी बोलत असेल.
पण खुर्ची रिकामी झाली,
आणि सातव्या मजल्यावरची माणसं
स्टुडिओत उतरून तिच्याकडे बघायला लागली
मुलगी बघायला आल्यासारखी:
पुढून, बाजूने, थोडं चालवून.

मी कार्डवाला.
बावीस वर्षं लायलचे विनोद
पांढऱ्या पुठ्ठ्यावर जाड काळ्या मार्करने लिहिले
आणि कॅमेऱ्याच्या कानाशी धरून उभा राहिलो.
देशाला वाटायचं, हा आपल्या डोळ्यांत बघतोय.
तो माझं अक्षर बघत होता.
डेस्पिना म्हणते, इतक्या प्रेमाने
मध्यरात्री नवरासुद्धा बघत नाही.
तो टोमणा मी ऐकून सोडून दिलाय.

शेवटचं कार्ड मात्र कोरं.
हा लायलचा हट्ट. बाकी सगळं लिही,
श्वाससुद्धा लिही, दोन टिंबं, तीन टिंबं,
पण निरोपाचं कार्ड कोरं ठेव.
तिथे तो कधी आईच्या गुडघ्यांवर बोलायचा,
कधी हरवलेल्या छत्रीवर.
एकदा नुसतंच म्हणाला, "झोपा आता."
त्या रात्री मी घरी जाऊन खरंच झोपलो.

चार दिवस, सात उमेदवार, विनोदांचा गठ्ठा एकच:
महापौर, कबुतर, अंड्यांचा भाव.
बुधवारपर्यंत कबुतर कुजलं होतं
तरी हसत होतो सगळे,
तासाला अठरा डॉलर घेणारे प्रेक्षक जरा जास्तच.

कोऱ्या कार्डाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
खोडी म्हणा.

टल्साचा वेड हॉलंबेक, दारात न मावणारे खांदे,
कार्ड बघितलं आणि स्वतःच ओरडला, "कट!"
सकाळच्या बातम्यांचा तो दुसरा हसतच राहिला,
मालक पळून गेलाय आणि दुकान उघडं आहे, तसा.
इमोजेन फार्लोने विचारलं, "मागे काही आहे का?"
मी उलटं केलं. मागे जुना विनोद होता,
कुठल्याशा विसरलेल्या सेनेटरवर.
तिने तोच वाचला.
आठवड्यातलं पहिलं फुकटचं हसू तेव्हा ऐकलं.

ब्रेंडन टिसडेल वडिलांबद्दल बोलला.
घसा नेमका दाटला, नेमका मोकळा झाला.
वाईट नव्हतं. घडी घातलेल्या रुमालासारखं होतं,
खिशातून काढलेलं.

आणि गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीआधी,
डेट्रॉइटची ऑगस्टा पेटिफर्ड.
बुटात खडा असल्यासारखी चालायची.
कार्ड बघून गप्प झाली.
मी मोजलं, नऊ सेकंद.
टीव्हीवर नऊ सेकंदांत चॅनेल बदलून माणूस लग्नसुद्धा लावून येतो.
मग म्हणाली,
"माझी बहीण रात्रपाळीला असते. ती हे बघत नाही.
जे बघत नाहीत, त्यांनाही शुभ रात्री."
माझे हात भरून आले होते,
तरी कार्ड खाली घ्यायचं सुचलं नाही.

वरती काचेच्या खोलीत पिझ्झा मागवला गेला,
आलेख मागवले गेले.
नऊ सेकंदांचं काय झालं
ते आलेखात दिसलं असणार: खड्डा.

टिसडेल आला.
खोटं कशाला बोलू, माणूस बरा आहे.
डोनट आणतो, माझ्या मुलाचं नाव विचारतो, लक्षातही ठेवतो.
दुसऱ्या आठवड्यात हळूच म्हणाला,
"ते शेवटचं... वडिलांचं... लिहूनच ठेवाल का?"

लिहितो.
'बाबा म्हणायचे', पुढे तीन टिंबं, तिथे घसा.

पण गठ्ठ्याच्या तळाला एक कोरं अजून असतं.
वर धरत नाही.
मात्र पुठ्ठे कधी कधी निसटतात, क्रम चुकतो,
माणूस साठीला आला की
बोटांवर कुणाचा भरवसा?