खोली नंबर तीन, पंचायत समिती

बोरटोल्याहून फोन : "मॅडम, मशीन म्हनते
हा पत्ता दुसऱ्याच कोनापाशी हाये."
दुसरा कोण, ते मला ठाऊक.
उपकेंद्रातला प्रिंटर, वहीच्या काळातला.

वही ठवरेबाबूंची. लाल कापडी पुठ्ठा,
चौऱ्याहत्तर गावांचे आकडे, खोडलेले, पुन्हा गिरवलेले,
एका पानावर चहाच्या कपाचा गोल.
ती घरी विसरली की
अर्धा तालुका मुका.

आता निर्देशिका आहे.
नाव सांगा, आकडा ती शोधते.
आमच्या गावचा पोस्टमन लटारी असाच होता,
घरनंबर त्यानं जन्मात वाचला नाही :
"थे व्हय ना, मोहापाशची, म्हशीवाली पारबता."
आणि मनिऑर्डर पोचायची.

मशीनला पत्ता मिळतो आठ दिवसांच्या ठेक्यानं,
वावरासारखा.
मुदतीत हाक दिली तर पुढे चालू.
नाही दिली,
तर ज्याला लागेल त्याचा.

जामटोल्याची शाळा जूनपासून हाक देत नाही.
सात पोरं होती, एसटीनं जातात दुसरीकडे.
तिचा पत्ता मोकळा झाला,
तोच मी बोरटोल्याला लावते.

नाव मात्र झाडावर तसंच :
तालुका, केंद्र, मग एका फांदीच्या टोकाला
जामटोला.
बाण पुसण्याच्या खुणेवर नेते,
परत आणते.

"मॅडम, आहात ना?"
"आहे भाऊ. आधी प्रिंटरची वायर काढा.
मग मशीन बंद करून चालू करा.
आला?
काय नाव दिसते, वाचा बरं."