कंटिन्युइटी

माझं काम एवढंच :
'कट' म्हटलं तेव्हा
नटाची बाही किती दुमडलेली होती,
कितवं बटण उघडं, डाग कुठल्या खिशावर,
वहीत लिहून ठेवायचं.

अशोक चौकात याला कुणी काम म्हणत नव्हतं.
शाळांचे गणवेश शिवता शिवता
आईनं एकदाच विचारलं,
"कापड कोण देतं तुला?"

सिनेमा सोलापुरात लागला, दोघांना नेलं.
दुपारचा खेळ. बाल्कनीत आम्ही तिघं
आणि डुलकी काढणारा डोअरकीपर.
हिरो बापाच्या चितेपाशी रडत होता.
अप्पा पुढं वाकून
त्याच्या खांद्यावरचा टॉवेल बघत होते.
"काठ आपल्याकडचा नाही," तेलुगूत पुटपुटले.
खरं होतं.
बजेटचं मी काही बोलले नाही.

नावं धावली.
'साहाय्यक वेशभूषा : सुरेखा बालराज गड्डम'
आई 'सु'पर्यंत पोचली
आणि दिवे लागले.

रात्री अप्पांनी मागावरचा टॉवेल काढला,
धुतला, दगडावर घासला, परत धुतला,
ओलाच माझ्यापुढं टाकला.
"असा असतो. रोज वापरणाऱ्याचा."

मी वही उघडली :
काठ लाल. एक धागा सुटलेला.
डावा खांदा.