तेराचा, सतराचा

रविवारी कुताइसीत, रिओनीच्या पुलापाशी
जुंबेर ब्लँकेट अंथरतो
आणि त्यावर लोखंड झोपवतो, उंचीप्रमाणे:
आठचा, दहाचा, बाराचा, तेराचा.
चौदाची जागा रिकामी.
चौदा काल कोणीतरी नेला.

मी उकिडवी बसते.
"पेटीच घ्या ना," शेजारचा पोरगा म्हणतो,
"एकशे आठ नग, कप्प्यात कप्पा, वर विजेरी फुकट."
मी त्यातलं रॅचेट उचलून
कानाशी धरून फिरवते.
कवळ्या बनवून पोट भरते मी,
दात मला ऐकूनही कळतात.
याचे दुधाचे आहेत.
जोर लावला की पडतील.

जुंबेर हसत नाही.
त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी,
बोलणं त्याहून कमी.
दोन सॉकेट माझ्या तळहातावर ठेवतो.
एकाच्या आत बारा कोन, दुसऱ्याच्या सहा.
"गंजलेल्या नटाला सहाच.
बारावाला कसाही बसतो,
म्हणून धरत नाही."
मला एक-दोन माणसं आठवतात.
सहाचं घेते.

गेल्या हिवाळ्यात स्वस्तातल्या पान्यानं
मी एक बोल्ट गोल केला.
आधी त्याचं डोकं फिरलं, मग माझं,
मग गॅरेजवाला म्हणाला,
गाडी ठेवून जा बाई, नवऱ्याला पाठव.
नवरा नाही.
निवा आहे, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान,
एकेकाळी हिरवी.

तिच्या झडपांची फट
इंजिन थंड असताना मोजायची.
पंधरा शतांश मिलिमीटर.
एक पाना धरून ठेवतो, एक सोडवतो,
आणि मधे पट्टी सरकवायला
तिसरा हात देवानं दिलेला नाही.
गोचा दातांत धरायचा ती पट्टी.
मी विजेरी धरायचे.
"उजेड हलवू नकोस," एवढंच बोलायचा
अख्ख्या दुपारी.

पोलंडला जायच्या आधी
याच पुलापाशी विकली त्यानं सगळी हत्यारं,
वजनावर.
त्याचा सतराचा पाना मी अंधारात ओळखेन:
एक जबडा कानशीनं घासून पातळ केलेला,
अडचणीत शिरावा म्हणून.

म्हणून दर रविवारी
पान उलटावं तसा एकेक पाना उलटते.
आज सतराचे तीन.
एकावर खिळ्यानं कोरलेली कोणाची तरी आद्याक्षरं.
एक मोडून वेल्डिंग केलेला, तो नकोच.
तिसरा घासलेला.
हात थांबतो.
घासलेला, पण उलट्या बाजूनं.
डावखुरा असणार कोणी.

"किती?"
"पाच लारी."
"बाकीचे तर तीनला!"
"त्यांच्यावर कोणी बसलं नाही कानस घेऊन."
पाच देते. तेराचा एक,
फीलर गेजचा जुना जुडगा, पट्ट्या न वाकलेल्या,
एक पक्कड, मुठीत मावते म्हणून.
बास. पिशवी जड झाली तरी
पेटीच्या मानानं हलकी.

संध्याकाळी बॉनेट उघडून
फोन बॅटरीवर टेकवते, त्याचा दिवा लावून.
पडद्यात गोचा, गोदामाच्या निळ्या जाकिटात,
वडापाशी नव्हे, चहाच्या यंत्रापाशी उभा.
"पट्टी अडली पाहिजे, पण अडकता नये," म्हणतो.
"माहीत आहे," मी म्हणते.
पाना डावखुऱ्याचा, म्हणून मला
गाडीच्या पलीकडच्या अंगाला उभं राहावं लागतं,
जिथं तो कधी उभा राहिला नाही.
तिथून तिसरी झडप आधी दिसते.

नट कुरकुरतो, सुटतो.
फोन घसरतो जरासा.
"उजेड हलवू नकोस!"
दोन हजार किलोमीटरांवरून तो म्हणतो,
"नाही हलवत."