तिसरी ओळ

तांडापेठेत, बंद पडलेल्या हातमागांच्या वरच्या खोलीत
निपाने मॅडमचा वर्ग भरायचा.
कॉम्प्युटरला जाणाऱ्या आम्हा अकरा जणांसाठी
गणिताचा पाया.
कॉम्प्युटर एकही नव्हता.
फळा होता, आणि एक कूलर,
ज्याच्या घरघरीत अर्धी व्याख्या वाहून जायची.

पहिल्या दिवशी रिक्त संच.
मॅडमनी महिरपी कंस काढला, आत काहीच लिहिलं नाही,
म्हणाल्या, हा प्रत्येक संचाचा उपसंच.
मागून उज्ज्वल बुरडे पुटपुटला,
"माह्या खिशावानी."

मग जिन्यातला दिवा.
खाली एक बटण, वर एक.
दोन्ही सारखी तर अंधार, वेगळी तर उजेड.
आम्ही वर-खाली पळून चारही शक्यता तपासल्या,
मग परत तपासल्या,
शेवटी घरमालक ओरडले,
"बल्ब जाईन ना बे!"

जर-तर आलं आणि मी अडले.
जर पी, तर क्यू.
पी खरं आणि क्यू खोटं,
वचन मोडतं ते एवढ्या एकाच ओळीत.
बाकी तिन्ही ओळी खऱ्या.
पण तिसरी?
पी घडलंच नाही, क्यू मात्र घडलं,
आणि तरी म्हणायचं खरं?
मी तिथं प्रश्नचिन्ह काढलं,
पेन इतकं दाबून की कागद कण्हला.

बाबा सूत रंगवतात. नखं बारा महिने निळी.
बारावीच्या आधी म्हणाले होते,
"सत्तरच्या वर गेली तं लॅपटॉप घेऊन देईन."
मला चौसष्ट टक्के पडले.
मॅडम म्हणाल्या, दोनचा सहावा घात,
कॉम्प्युटरवाल्यांना शोभतो.
घरी हा विनोद मी सांगितला नाही.

त्या शनिवारी बाबा सीताबर्डीवरून आले,
दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.
जुना, कोपरा चेपलेला, झेडची कळ गायब.
मी म्हटलं, "बाबा, मी तं सत्तरच्या वर नाही गेली."
ते वायर सोडवत होते.
"गेली तं देईन म्हणलो होतो.
नाही गेली तं नाही देईन,
असं कधी म्हणलो?"

रात्री वही काढली.
प्रश्नचिन्ह खोडलं, नीट नाही गेलं.
पुढच्या पानावर गणिती विगमन आहे,
पहिल्या पायरीखाली
त्याचा ठसा
अजून बोटाला लागतो.