तुमचा हेतू सांगा

कुमझारला रस्ता येत नाही.
येतो तो डोंगर, थेट घरांच्या पाठीशी,
आणि समोरून दर्या.
मधल्या चिंचोळ्या पट्टीत आम्ही, आमच्या शेळ्या,
आणि आमचे मेलेले,
जागा पुरेना म्हणून उंबऱ्याशीच पुरलेले.

रविवारी पहाटे वायरलेसवर, सोळा नंबरला,
एक तरणा आवाज आला. नाक चोंदलेलं.
'डाव्या अंगाची लहान होडी, तुमचा हेतू सांगा.'
मी इकडेतिकडे पाहिलं. लहान होडी मीच.
हेतू?
जाळ्यात अर्धा मण तारली होती
आणि वाट चुकलेला एक बांगडा.
म्हणालो, 'तारली.'
बराच वेळ नुसती खरखर. मग पुन्हा,
'हेतू सांगा.'
इंग्रजी मला तेवढीच येते,
टँकरवर तीन वर्षं गंज खरवडला तेवढी.
'शेळ्या खातात,' म्हटलं. 'वाळवून.'

लारक समोर आहे.
हवा निवळली आणि डोंगर चढलं तर
दिसतो एक करडा दात.
खैरूनला तिकडे दिली, एकोणतीस वर्षं झाली.
दोन होड्या वऱ्हाड, ढोल, आणि एक बकरा
ज्यानं मधोमध पाण्यात उडी टाकली
आणि त्याच्यामागे नवरदेवानं.
तेव्हा कुणी हेतू विचारला नाही.
दोन्ही काठांवर आमची बोली एकच.
ती लिहीत नाहीत, म्हणून कुठल्या करारात नाही.

मंगळवारी रात्री टँकर फुटला.
आधी उजेड. दोघांना एकदमच दिसला.
ती फोनवर होती, जावेच्या गुडघ्याचं सांगत.
गप्प झालो, आणि मोजायला लागलो,
लहानपणी वीज चमकल्यावर मोजायचो तसं,
आमच्याच आकड्यांत.
एकाहत्तरला माझ्याकडची भांडी वाजली.
ती अजून मोजत होती.
चौऱ्याऐंशी. 'आला,' म्हणाली.
म्हणजे मला जवळ.
पूर्वी जिंकलो म्हणून नाचलो असतो.

आणि गंमत ऐका, माझा धाकटा हमूद
मोबाईलवर नकाशा दाखवतो.
कुणीतरी आकाशातल्या खुणा बिघडवल्यात,
जहाजं भलतीकडेच दिसतात.
तीनशे मीटर लांबीचं, तेलानं तुडुंब एक
आमच्या अंगणात उभं आहे,
बरोबर बाबांच्या थडग्यावर.
हमूद हसला. मीही हसलो.
तरी खिडकीतून एकदा बघून घेतलं.

आज शेळ्यांनी तारलीला तोंड लावलं नाही.
नाकपुड्या फेंदारून उभ्या राहिल्या, काळी तर
माझ्याकडे असं बघत होती
की जसं काही मीच केलं.
जाळं तीनदा धुतलं. हाताला वास तसाच.
खैरूनचा फोन लागत नाही. काल लागला नाही,
परवाही.

दुपारी पुन्हा सोळा नंबर. तोच पोरगा,
नाक अजून चोंदलेलंच.
'लहान होडी, तुमचा हेतू सांगा.'
मी बटण दाबलं.
आधी त्याला सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत,
काळं सुकं लिंबू उकळून पी, रात्री, गरम गरम.
मग बटण सोडलं नाही.
आमच्या बोलीत विचारलं,
पलीकडे कुणी ऐकत असेल तर,
जावेचा गुडघा कसा आहे.